फडक्यांच्या कपाटातली मेरी कोरेली

मंडळी, आजचा प्रश्न सोपा आहे. नॉव्हेलला आपण 'कादंबरी' का म्हणतो?

हिंदीवाले 'उपन्यास' म्हणतात, गुजरातीत 'नवलकथा' आहे. आपण मात्र (आणि शेजारचे कानडीवाले) चक्क एका मुलीचं नाव घेऊन बसलोय. कादंबरी ही सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या गद्यकथेची नायिका. हर्षवर्धनाच्या दरबारातला हा बाण. त्याच्या गोष्टीत एक पोपट कथा सांगतो, माणसं प्रेमात पडतात, विरहाने मरतात, पुन्हा जन्म घेतात आणि पुन्हा त्याच माणसाच्या प्रेमात पडतात. वाक्यं एवढी लांब की एकेका वाक्यात पान संपतं. बाण ती पूर्ण न करताच गेला, उरलेली त्याच्या मुलाने लिहून काढली. म्हणजे आपल्या भाषेत युद्धावरची कादंबरी असो, दुष्काळावरची असो की कारकुनाच्या पेन्शनवरची असो, तिचं नाव एका प्रेमात पडलेल्या मुलीचं आहे. मला हे फार आवडतं.

आता गंमत बघा. बाणाने ही गोष्ट स्वतःच्या डोक्यातून काढलेली नाही. त्याने वाचलेल्या (किंवा ऐकलेल्या) एका जुन्या ग्रंथात तिचं बीज होतं. तो ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. आणि हा गुणाढ्य कुठला, तर परंपरेप्रमाणे प्रतिष्ठानचा, सातवाहन राजाच्या पदरी असलेला. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. संभाजीनगरहून गाडी काढली की तास-सव्वातासात पोचतो. आम्ही शाळेच्या सहलीला जायकवाडी आणि संत ज्ञानेश्वर उद्यान बघायला गेलो होतो, तेव्हा गुणाढ्याचं नाव एकाही सरांनी घेतलं नव्हतं. असो.

गुणाढ्याची हकिगत अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. ती इतिहास म्हणून घेऊ नका, दंतकथाच आहे, पण अशी झकास दंतकथा की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याचा मारा असह्य होऊन एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः'... म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येत नव्हतं. त्याने नोकरांना हुकूम सोडला, मोदक घेऊन या! राणी हसली, बाकीच्या हसल्या, आणि राजाने अंथरूण धरलं. संस्कृत शिकल्याशिवाय तोंड दाखवणार नाही म्हणाला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. (प्रत्येक कंपनीत असा एक शर्ववर्मा असतो. एस्टिमेट देताना तोच जिंकतो.) फरक एवढाच की या शर्ववर्म्याने खरंच सहा महिन्यांत शिकवून दाखवलं. गुणाढ्य पैज हरला आणि पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडल्या. उरली पैशाची, म्हणजे पिशाच्चांची भाषा. तिच्यात त्याने सात लाख श्लोकांची गोष्ट लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य जंगलात अग्नी पेटवून एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरायची विसरली, ऐकत बसली. राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं म्हणून चौकशी झाली, तेव्हा कुठे राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. एक लाख वाचले.

आता ही बृहत्कथा मूळ रूपात उपलब्धच नाही. ती वाचून इतरांनी जे लिहिलं, तेवढंच आपल्या हातात आहे. म्हणजे एका लेखकाचं सगळं काम त्याच्या वाचकांच्या लिखाणातून टिकलं.

त्याच सातवाहनांतला दुसरा एक राजा, हाल. त्याच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, बहुतेक सगळ्या प्रेमाच्या. गावातलं प्रेम, चोरटं प्रेम, परगावी गेलेला नवरा, शेताच्या कडेला ठरलेली भेट, भांडण, रुसवा, सगळं. त्या संग्रहातच म्हटलंय की कोटीभर गाथांतून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा सोडून द्या, पण निवडल्या हे महत्त्वाचं. हालाचं मोठेपण कवी म्हणून किती हे पंडितांनी ठरवावं, मला तो वाचक म्हणून थोर वाटतो. त्याने वाचलं, ऐकलं, आवडलं ते ठेवलं. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्याची जाडजूड मराठी आवृत्ती काढली. कुठे मिळाली तर सोडू नका.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे, प्रेमाच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एक समज आहे की त्याने आयुष्यात बरीच प्रकरणं केली असणार, म्हणून तो लिहू शकतो. मला उलट वाटतं. त्याने बरीच पुस्तकं केलेली असतात. प्रेम एकदा, फार तर दोनदा होतं. वाचन रोज होतं. आणि मराठीत या गोष्टीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ना. सी. फडके. पण फडक्यांकडे जायच्या आधी त्यांच्या आधीचे दोन वाचक बघितले पाहिजेत.

मराठीतली छापील प्रेमकथा सुरू होते १८६१ च्या आसपास. त्या साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. सुंदर नायिका, शूर नायक, दुष्ट कारस्थानी मंडळी, ताटातूट आणि भेट. ही मंडळी काय वाचत होती हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. एकीकडे संस्कृतातला बाण, दुसरीकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याच सुमारास मराठीत आणायला घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी. १८७३ साली साळूबाई तांबवेकर या बाईंनी 'चंद्रप्रभाविरहवर्णन' लिहिलं, नावातच विरह. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन वाटा सांगितल्या आहेत - बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ची, हळब्यांच्या 'मुक्तामाले'ची आणि गुंजीकरांच्या 'मोचनगड'ची. त्यातली मुक्तामालेची वाट त्यांना बिलकुल आवडत नाही. नेमाडे आमच्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवायला होते, त्यामुळे या शहरात त्यांच्या विरोधात बोलताना जरा इकडेतिकडे बघावं लागतं. पण मुक्तामालेची वाट म्हणजे नुसती करमणुकीची वाट, हे मला पूर्ण पटत नाही. त्या वाटेवरून चालतच पुष्कळ लोक वाचायला शिकले.

आता हरिभाऊ आपटे. 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणारे, मराठी वास्तववादी कादंबरीचे जनक वगैरे. शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात. पण त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) ही रेनॉल्ड्सच्या लंडनच्या रहस्यांवरून सुचलेली होती. हा जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४-१८७९) म्हणजे लंडनमध्ये एक पेनीला आठवड्याचा भाग विकणारा लेखक. खून, कारस्थानं, उमरावांच्या भानगडी, पडदानशीन सुंदऱ्या. इंग्रज प्राध्यापक त्याला हिंग लावून विचारत नव्हते. इकडे हिंदुस्थानात मात्र त्याच्यावर उड्या पडत होत्या. प्रिया जोशी यांनी इथल्या जुन्या ग्रंथालयांच्या याद्या तपासून २००२ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिलंय, त्यात हे फार छान दाखवलं आहे. साहेबाने आपल्याला शेक्सपियर आणि मिल्टन वाचायला लावला. परीक्षा झाली की आपण जाऊन रेनॉल्ड्स आणायचो. नंतरच्या काळात त्याच याद्यांत मेरी कोरेली दिसते. हे नाव लक्षात ठेवा.

हरिभाऊंनी कॉलेजात असताना आगरकरांच्या 'विकारविलसित' या हॅम्लेटच्या भाषांतरावर बहात्तर पानांची टीका लिहिली होती. विद्यार्थ्याने! आणि हाच मुलगा गणितात गटांगळ्या खात होता, पदवी काही मिळाली नाही. एम-थ्रीला दोनदा बसलेल्या माझ्या तमाम इंजिनियर बांधवांनी याची नोंद घ्यावी.

तर हरिभाऊ रेनॉल्ड्सपाशी थांबले नाहीत. सुरुवात तिथून केली, चार-पाच वर्षांत पार वेगळीकडे गेले. पण गोष्ट पुढच्या अंकापर्यंत कशी ताणून धरायची, वाचकाला आठवडाभर तळमळत कसं ठेवायचं, हे आठवड्याला भाग लिहिणाऱ्या माणसाकडूनच शिकावं लागतं. १८९० पासून हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक चालवलं आणि त्यात क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. यमूची करुण कहाणी लोकांनी श्वास रोखून वाचली, त्यामागे लंडनच्या पेनीवाल्याचा थोडा तरी हात आहे असं माझं मत आहे. हे कुणाला हरिभाऊंचा अपमान वाटेल. मला नाही वाटत.

दुसऱ्या वाचक म्हणजे काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८). यांची गोष्ट वाचताना मला खरं सांगायचं तर थोडी लाज वाटली, कारण माझ्या किंडलवर न वाचलेली साठ-सत्तर पुस्तकं पडून आहेत. काशीबाई जन्मल्या सातारा भागातल्या आष्ट्याला. नवव्या वर्षी लग्न. शाळा नाही. नवरा गोविंदराव कानिटकर शिकलेला, कविता करणारा, पुढे मिल्लचं स्त्रियांच्या परवशतेवरचं पुस्तक मराठीत आणणारा. त्याला शिकलेली बायको हवी होती. घरातल्या बाकीच्यांना नको होती. बाईच्या हातात पुस्तक म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर, अशी तेव्हाची समजूत. मग काशीबाई चोरून वाचायला शिकल्या. नुसत्या शिकल्या नाहीत, भस्म्या रोग झाल्यासारख्या वाचू लागल्या. आधी मराठी, मग संस्कृत, इंग्रजी. हरिभाऊ आपटे त्यांच्याकडे यायचे, पुस्तकांवर बोलणं व्हायचं, पत्रं चालायची. ही पत्रं काशीबाईंनी पुढे १९२९ साली छापली.

त्यांची 'रंगराव' ही कादंबरी १८८६ पासून मासिकात येऊ लागली आणि पुस्तक झालं १९०३ साली. मध्ये सतरा वर्षं. सतरा वर्षांत आपल्याकडे तीन प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस जन्मून मरतात. दरम्यान १८८९ मध्ये त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. 'पालखीचा गोंडा' तर १९२८ साली आली, म्हणजे बाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी लिहिलेलं प्रेम नुसतं 'तो दिसला आणि ती लाजली' असं नाही. ज्या बाईचं लग्न नवव्या वर्षी लागलं, तिने नवरा-बायकोत बरोबरीचं बोलणं कसं असावं हे शोधायचं कुठे? आजूबाजूला तसं घर नाही. आईकडे नाही, सासूकडे नाही. मग उरलं एकच ठिकाण, पुस्तक. पुस्तकात बघितलं, घरात थोडंफार करून पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात लिहून ठेवलं.

तर आता फडके.

नारायण सीताराम फडके, जन्म ४ ऑगस्ट १८९४, कर्जत. शिक्षण पुण्यात. पहिली गोष्ट 'मेणाचा ठसा', १९१२ साली 'केरळकोकिळ' मासिकात, म्हणजे वय अठरा. पहिली कादंबरी १९१७ साली, नाव 'अल्ला हो अकबर!'. नावावरून वाटेल ऐतिहासिक असेल. पण ती आधारलेली आहे मेरी कोरेलीच्या 'टेम्पोरल पॉवर' (१९०२) या इंग्रजी कादंबरीवर.

मेरी कोरेली (१८५५-१९२४) हे प्रकरण आज इंग्लंडमध्येही कुणाला फारसं आठवत नाही. एकेकाळी मात्र तिच्याएवढा खप कुणाचा नव्हता. राणी व्हिक्टोरिया तिची चाहती. समीक्षक तिला सोलून काढायचे, म्हणून तिने १८९५ पासून वर्तमानपत्रांना परीक्षणासाठी प्रती पाठवणंच बंद केलं. खप आणखी वाढला. तिच्या कादंबऱ्यांत सैतान येतो, आत्मे येतात, वीज आणि अध्यात्म एकत्र नांदतात, आणि मधोमध एक उदात्त, अशक्य प्रेम असतं. 'टेम्पोरल पॉवर'मध्ये एक राजा वेषांतर करून आपल्याच राज्यातल्या क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळात शिरतो आणि तिथल्या तेजस्वी नायिकेच्या, लोटिसच्या प्रेमात पडतो.

१९१७ सालचा पुण्यातला तेवीस वर्षांचा मुलगा हे वाचतो आणि त्याला वाटतं, हे मराठीत पाहिजे. यात मला काहीही आश्चर्य वाटत नाही. राजा, क्रांती, वेषांतर, प्रेम. बाहेर टिळकांचं होमरूल चाललेलं. कुणालाही हेच वाटलं असतं.

फडक्यांवर उसनवारीचा आरोप पुढे आयुष्यभर चिकटला. विलायती कथानक आणतात, मराठी नावं लावतात, साडी नेसवतात, असं लोक म्हणत. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. दुसऱ्याचा कोड वाचल्याशिवाय आमच्यात कुणी एक ओळ लिहीत नाही. पहिल्या नोकरीत पहिले तीन महिने मी फक्त दुसऱ्याचं वाचलं, आणि पहिलं जे लिहिलं ते त्याच्यात चार बदल करूनच लिहिलं. प्रश्न कॉपी केली का हा नसतो. आठ वर्षांनी तुम्ही कुठे आहात हा असतो. फडक्यांची पहिली कादंबरी १९१७ ची. त्यानंतर 'कुलाब्याची दांडी' १९२५ ला, 'जादूगार' १९२८ ला, 'दौलत' १९२९ ला. इथे ज्याला आपण फडके स्टाईल म्हणतो ती तयार झालेली आहे. सुशिक्षित नायक, सुशिक्षित नायिका, गैरसमज, दुसरी स्त्री, प्रवास, आणि पाण्यासारखी वाहणारी मराठी. फडक्यांच्या आधी मराठी कादंबरीत प्रेमिक बोलायला लागले की अंगावर काटा यायचा, इतकं ते अवघड बोलायचे. फडक्यांनी त्यांना माणसासारखं बोलायला लावलं. आज ते संवाद आपल्याला नाटकी वाटतील, पण १९२५ सालच्या वाचकाला विचारा.

आणि मग १९३१ साली या माणसाने एक अफाट गोष्ट केली. 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तक लिहिलं, ज्यात कादंबरी, कथा, नाटक कसं लिहितात याचं तंत्र सांगितलं. कथानक कसं रचावं, गुंतागुंत कुठे आणावी, उत्कंठा कशी वाढवावी, निरगाठ कुठे आणि उकल कुठे. तोपर्यंत आपल्याकडे लेखक म्हणजे सरस्वतीचा वरदहस्त, झपाटलेपण वगैरे. फडके म्हणाले, नाही, हे शिकता येतं. त्यांनी वाचलेल्या विलायती पुस्तकांचा सगळा सांगाडा सुटा करून टेबलावर मांडला. इंजिनियरिंगच्या भाषेत याला रिव्हर्स इंजिनियरिंग म्हणतात. पेशाने ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवलं, आणि शिकवण्याची ती सवय पानोपानी दिसते. या पुस्तकाची पुष्कळ टिंगल झाली. पण त्यानंतरच्या दोन पिढ्या ते वाचूनच लिहायला बसल्या, टिंगल करणारेसुद्धा.

खांडेकरांशी त्यांचा वाद तुम्हाला माहीत असेलच. कलेसाठी कला की जीवनासाठी कला. त्यावर इतकी पानं खर्ची पडली आहेत की मी आणखी भर घालत नाही. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, खांडेकर लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला. फडक्यांना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, खांडेकरांना 'ययाति'साठी ज्ञानपीठ. काळाने निकाल खांडेकरांच्या बाजूने दिला असं म्हणतात. मला विचाराल तर काळाने आता दोघांनाही सारखंच कपाटात ठेवलंय.

पण एक तक्रार माझीही आहे. फडके वाचत गेले, लिहीत गेले, सत्तरहून जास्त कादंबऱ्या झाल्या. आणि हळूहळू असं वाटायला लागतं की हा माणूस आता खिडकीबाहेर बघत नाहीये. नायिकेचं हसणं हे कुठल्या मुलीचं हसणं नाही, आधीच्या कादंबरीतल्या नायिकेचं हसणं आहे. वाचनाचा हा धोका असतोच. हरिभाऊ रेनॉल्ड्स वाचून पुण्याच्या वाड्यात परत आले आणि त्यांना माजघरात बसलेली यमू दिसली. काशीबाईंना तर बाहेर बघायची गरजच नव्हती, त्या स्वतःच माजघरात होत्या. फडक्यांना दिसलं काय, तर पुढचं कथानक. हे जरा कठोर झालं, पण चार-पाच कादंबऱ्या लागोपाठ वाचून बघा आणि मग मला सांगा.

आता यावर माझ्या आजीचं मत वेगळं आहे, आणि ते इथे नोंदवलं नाही तर मला घरात जेवण मिळणार नाही.

आजी पैठण तालुक्यातली. जन्म १९३८, म्हणजे निजामाच्या राज्यात. त्या काळात मराठवाड्यात सरकारी शिक्षण उर्दूत, उस्मानिया विद्यापीठही उर्दूत. औरंगाबाद तर उर्दूचं मोठं ठाणं, वली आणि सिराज इथलेच, त्यामुळे या शहरात प्रेमाची भाषा मुळात गझलेची. मराठी पुस्तक खेड्यात पोचणं ही अवघड गोष्ट होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदललं, मराठी शाळा वाढल्या, आजी सातवीपर्यंत शिकली आणि १९५५ साली लग्न होऊन शहरात आली. आजोबा वाचनालयातून पुस्तकं आणायचे, स्वतःसाठी. आजी दुपारी वाचायची. सासूबाईंना म्हणजे माझ्या पणजीला बाईने वाचलेलं चालायचं नाही, त्यातून फडके म्हणजे तर विचारूच नका. मग पुस्तक ज्वारीच्या कोठीत. आजी सांगते की पानांत ज्वारीचे दाणे निघायचे आणि आजोबा परत करताना पुस्तक झटकून न्यायचे. काही बोलायचे नाहीत. फक्त पुढच्या वेळी फडक्यांचं दुसरं पुस्तक आणायचे.

मी तिला माझी वरची तक्रार ऐकवली. म्हटलं, आजी, त्या नायिका खऱ्या नव्हत्याच. ती म्हणाली, "अरे, खऱ्या बाया घरात होत्याच की. सहा होत्या. मला दुसऱ्या पाहिजे होत्या."

मग मी विचारलं, एवढं वाचलंस, लिहिलं का नाहीस कधी? तर म्हणाली, "वाचायलाच येळ चोरावा लागायचा बाबा. लिहायला कुठून चोरू?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. काशीबाईंनी चोरलेल्या वेळात लिहिलं हे खरं, पण त्यांच्या बाजूने उघडपणे उभा राहणारा नवरा होता. आजोबा कोठीतलं पुस्तक झटकायचे, पण पणजीसमोर तोंड उघडायचे नाहीत. वाचणाऱ्यातला लेखक होतो की नाही हे एवढ्या बारक्या फरकावर ठरत असावं. आजीसारख्या किती असतील त्याचा हिशोब कुठल्याच वाङ्मयेतिहासात नाही.

पुढचा काळ भरभर सांगतो, कारण लेख लांबला आणि आईने दोनदा हाक मारली आहे. फडक्यांनंतर प्रेमकथा प्राध्यापकांच्या हातून निसटली आणि फिरत्या वाचनालयांच्या फळीवर गेली. चंद्रकांत काकोडकर हे त्यातलं मोठं नाव. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही गोष्ट आली. नायक कवी आणि शिक्षक, त्याच्या आयुष्यात तीन स्त्रिया. अश्लील म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर पंचवीस रुपयांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले! ऑगस्ट १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोष्ट नीट वाचली आणि ती अश्लील नाही असा निकाल दिला. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता धरली तर धार्मिक पुस्तकांशिवाय काही विकताच येणार नाही, अशा अर्थाचं निकालात म्हटलं आहे. त्याच वर्षी राजेश खन्नाचा 'दो रास्ते' आला. तो काकोडकरांच्याच 'नीलांबरी' कादंबरीवरचा. 'बिंदिया चमकेगी'वर नाचणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आणि ज्यांनी कोठीत पुस्तकं लपवली त्यांच्याच पिढीतल्या काही बायका लिहायलाही लागल्या. डॉ. सुमती क्षेत्रमाडे पेशाने डॉक्टर. दवाखाना सांभाळून कादंबऱ्या लिहायच्या. त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी 'महाश्वेता'. हे नाव त्यांनी कुठून घेतलं? बाणाच्या कादंबरीत दोन नायिका आहेत. एक कादंबरी, आणि दुसरी, जी मेलेल्या प्रियकराची वाट बघत सरोवराकाठी तप करत बसलेली असते, ती महाश्वेता. आजीकडे या पुस्तकाची प्रत आहे, बाइंडिंग गेलेली, वर जुन्या कॅलेंडरचा कागद चढवलेला. ती कुणाला देत नाही, मलाही नाही, तिच्यासमोर बसून वाचावी लागते.

मेरी कोरेली मात्र आता इंटरनेटवर फुकट आहे, स्वामित्वहक्क केव्हाच संपले. 'टेम्पोरल पॉवर' मी गेल्या आठवड्यात उतरवून घेतलं. जाम लांबण लावते बाई, पहिली तीन प्रकरणं समुद्र आणि दरबार यांतच गेली. ऑफिसच्या बसमध्ये चिकलठाण्यापर्यंत रोज दहा-बारा पानं होतात. काल राजाने ठरवलंय की वेष बदलून शहरात जायचं. आजीला रोज रात्री तेवढा भाग मराठीत सांगतो. ती म्हणते, लोटिस मरणार. मी अजून शेवट बघितलेला नाही आणि तुम्हीही सांगू नका.